कापूसच असणार!

भिवंडीत धामणकर नाक्याजवळच्या एका लॅबमध्ये मंदाताई गेली अठरा वर्षं काचा रंगवतात. म्हणजे बायकांच्या गर्भाशयाच्या तोंडावरून पुसून घेतलेल्या पेशी काचेवर पसरून येतात, त्यांना रंग चढवायचा, तेव्हा कुठे त्या सूक्ष्मदर्शकाखाली नीट दिसतात. ताईंचा हात असा बसलेला की घड्याळाकडे बघायला नको. तोंडही तसंच, थांबणं ठाऊक नाही. टेमघरच्या आपल्या गल्लीतल्या एकूण एक बाईला दटावून त्यांनी तपासणीला आणलं. स्वतः मात्र कधी टेबलावर चढल्या नाहीत. "मला काय धाड भरलीय?"

गेल्या वर्षी लॅबमध्ये यंत्र आलं. ते प्रत्येक पेशीचा फोटो काढतं, साठवलेल्या हजारो फोटोंशी ताडून बघतं आणि रोगट पेशीशी जुळलं की लाल गोल काढतं. पहिल्याच दिवशी तीन गोल! लॅबच्या डॉक्टर, पूर्वी मॅडम, त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि हसत सुटल्या. मागच्या गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमचा कापूस उडून ओल्या काचेवर बसला होता. खिडकी ताईंनीच उघडी टाकली होती, पण ते त्या कशाला सांगतील?

"भिवंडीत आलंय आन् कापूस वळखत न्हाय!" ताईंनी यंत्राची पार अब्रू काढली.

यंत्राच्या चाचणीला पन्नास काचा हव्या होत्या, जमल्या एकोणपन्नास. "आता तुमचीच द्या, मंदाताई," मॅडम म्हणाल्या. सगळे बघत होते, मग काय करणार? ताईंनी तपासणी करून घेतली, आपली काच आपणच रंगवली.

लाल गोल उमटले. एक नाही, सात.

"कापूसच असणार," ताई म्हणाल्या. मॅडम बराच वेळ डोळा लावून बसल्या, हसल्या नाहीत.

"मॅडम, कापूस हाय ना?" ताईंचा आवाज एवढा बारीक कुणी कधी ऐकला नव्हता.

कापूस नव्हता. पुढे तुकडा तपासला, तेव्हा कळलं, कॅन्सर व्हायच्या आधीची पायरी आहे. वेळेत सापडली म्हणून छोट्याशा शस्त्रक्रियेत तेवढा भाग काढून टाकता आला. त्यानंतर आठवडाभर नवऱ्याच्या, यादवच्या, हातचं जेवण गिळावं लागलं. खरं दुखणं तेच, असं ताई सगळ्यांना सांगतात.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. या खेपेला ताई काचेला हात लावायला तयार नव्हत्या, म्हणून ती मॅडमनी रंगवली. यंत्र चाललं. पडद्यावर लाल गोल. एकच, पण लाल. ताईंनी पडद्याकडे पाठ फिरवली.

मॅडमनी डोळा लावला आणि ताईंना हाताला धरून ओढलं. "तुम्हीच बघा."

ताईंनी बघितलं. लांबलचक, वेटोळं घातलेला धागा.

"अगं बाई गं! कापूस!"

"कापूसच. बाकी सगळं स्वच्छ आहे."

ताई हसल्या, रडल्या, मॅडमच्या गळ्यात पडल्या. मग पदराने डोळे पुसले आणि यंत्राच्या पाठीवर हळूच थोपटलं.

"असू दे रं बाबा. कापूस न्हाय वळखलास तरी चालंल."