झऱ्याची साय

हिनोकुबो गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात उमेनोबाई एकतीस वर्षं दाराशी उंच बैठकीवर बसत आल्या. उजवीकडे पुरुष, डावीकडे बायका, मधे फळ्यांची आडभिंत आणि तिच्या टोकाशी बाई. कोणाच्या गुडघ्यात कळ आहे आणि कोणाची सून रुसली आहे, त्यांना सगळं ठाऊक.

गरम झऱ्याचं पाणी दोन्हीकडे दगडी तोटीतून कुंडात पडे. तोटीवर बुळबुळीत थर धरे, त्याला बाई झऱ्याची साय म्हणत. बायका ती हौसेने गालांना चोळत. सफाईवाल्याला ताकीदच होती, सगळं घास, पण तोटीला हात लावशील तर याद राख. झरा आटत चालल्यापासून पंप तेच पाणी फिरवून आणतो, याकडे मात्र बाई सोयीस्कर काणाडोळा करत.

पुरुषांकडच्या तोटीखालची जागा सेइगोआजोबांची. हे ऐंशीचे सुतार रोज दार उघडताच येत, धारेखाली डोकं धरत आणि आ वासून बेसूर गात. बाई मधल्या फळीवर टकटक करून त्यांना गप्प करत. बावीस वर्षं हे असंच चाललं होतं.

मार्चमध्ये आजोबा यायचे थांबले. तापाने फणफणले होते, न्यूमोनिया झाला होता. त्यांच्यामागोमाग आणखी चौघं दवाखान्यात गेले. आरोग्य खात्याच्या माणसाने तोटी खरवडून नमुना नेला. जंतू निघाले ते नेमके सायीत. ते पोटात गेल्याने नव्हे, तुषारांबरोबर छातीत गेल्याने घात होतो, असं तो म्हणाला. तोंड उघडून तुषार कोण घेत होतं, हे बाईंना कोणी सांगावं लागलं नाही. न्हाणीघराला टाळं लागलं. कोणी न सांगता बाई रोज गुडघ्यांवर बसून तोटी घासत राहिल्या.

नमुने स्वच्छ आले आणि जूनमध्ये दार उघडलं. पहिले आले ते काठी टेकत सेइगोआजोबा. बाई बैठकीवरून खाली उतरल्या.

"ती साय मीच राखली होती, आजोबा. तुमचं दुखणं माझ्यामुळे."

आजोबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "म्हणजे मला गप्प करायला नुसत्या टकटकीने भागेना, म्हणून?"

हसता हसता त्यांना खोकला आला. मग ते आत गेले.

बाई कान देऊन बसल्या. पाणी पडत होतं. गाणं काही येईना. फार वेळ झाला. शेवटी त्यांनी हात उचलला आणि फळीवर टकटक केली.

पलीकडून तोच बेसूर आवाज उठला. बाईंनी हात मांडीवर ठेवला, तो गाणं संपेपर्यंत उचलला नाही.