गाद्यांवरची ड्युटी

वडिलांच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात दोन नियम होते. नवी गादी हातात आल्याशिवाय जुनी काढायची नाही, हा पहिला. काढलेल्या गाद्या कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाला परत द्यायच्या, हा दुसरा. गादी म्हणजे क्लॅरिनेटच्या चावीखाली बसवलेली नखाएवढी गोल चकती. आत दाबलेल्या लोकरीचा नमदा, वर पातळ कातडं. चावी दाबली की ती भोकावर घट्ट बसते आणि हवा अडवते. बसली नाही तर वाजवणारा कितीही मोठा असो, त्याचा सूर फुसका निघतो.

हे दोन्ही नियम मी एकाच सकाळी मोडले, आणि तेही मोठ्या तोऱ्यात.

वडील गेल्यावर दुकान मी चालवायला घेतलं तेव्हा बँडवाल्यांनी जुळे सोलापूरहून स्कूटीवर येणाऱ्या बाईकडे वाद्यं द्यायचं टाळलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त येईनासे झाले. आले ते एकटे मास्तर. विणकरांच्या घरातले, घरी तेलुगू बोलणारे, टॉवेलच्या कारखान्यातून निवृत्त झालेले आणि चाळीस वर्षं लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे. त्यांनी आपलं काळ्या लाकडाचं वाद्य माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "हवा गळायलीय. तुझे वडील नीट करत होते, आता तू कर की."

त्यांची अडचण मला ठाऊक होती. बँडच्या मालकाने नवा कीबोर्ड आणला होता, तो वाजवणारा तरुणही ठरवला होता. तुळशीचं लग्न झालं की टेंभुर्णीला सीझनची पहिली लग्नाची ऑर्डर होती. त्या दिवशी मास्तर उभे राहिले नाहीत तर त्यांची जागा कीबोर्डला जाणार, आणि एकदा गेलेली जागा बँडमध्ये परत मिळत नाही.

इथे मिळणाऱ्या गाद्या मला पसंत नव्हत्या, दमट हवेत त्या फुगायच्या. मोबाइलवर शोधून मी परदेशातला एक म्हातारा कारागीर गाठला. तो एकटाच घरात बसून गाद्या करायचा. भाव ठरला, पैसे पाठवले. तेवढ्यात आमच्या सोसायटीतले, बँकेतून निवृत्त झालेले आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर सल्ला देणारे काका मध्ये पडले. "त्याला 'भेट' असं लिहायला सांगा. कस्टमची ड्युटी लागत नाही." मी लगेच सांगितलं. कारागीर भला माणूस. त्याने पार्सलवर 'भेट' लिहिलं, आणि भला असल्यामुळेच आत पक्कं बिलही ठेवलं.

पार्सल मुंबईत उतरल्याचं मोबाइलवर दिसलं, त्याच सकाळी मास्तर दुकानात आले. आता दोन दिवसांत येतंय, या खुशीत मी त्यांच्यासमोर चाव्या सोडवल्या, स्पिरिटच्या दिव्यावर लाख वितळवून एकेक गादी उचकटली आणि दाराजवळच्या डब्यात फेकली. "ह्या आता कशाला हव्यात?" असंही मी म्हणाले. मास्तर बाकावरून बघत होते. मी हात धुवायला मागे गेले, परत आले तेव्हा ते दारात उभे होते. "येतो," एवढंच म्हणाले.

पार्सल आलं नाही. कस्टमचं पत्र आलं. वर 'भेट' आणि आत बिल, हे जुळत नाही. खुलासा द्या, ओळखपत्र द्या, पैसे भरल्याचा पुरावा द्या, माल काय आहे ते कळवा.

मी पत्र दोनदा वाचलं. टेबलावर मास्तरांचं क्लॅरिनेट नुसत्या भोकांचं पडलेलं, आणि डबा तर गाद्या काढल्या त्याच संध्याकाळी कचऱ्याच्या गाडीत रिकामा झालेला. मला राग आला तो माझाच. काकांचाही थोडा आला, पण त्यांनी फक्त सल्ला दिला होता, ऐकला मी होता.

काकांनी दुसरा सल्लाही तयार ठेवला होता. "लिहा की नमुना मागवलाय, विक्रीसाठी नाही. बिल चुकून आलं." मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, आता पुरे. एक खोटं निस्तरायला दुसरं बोलायचं, मग तिसरं, आणि इकडे मास्तरांचा दिवस उजाडायचा. शिवाय वडिलांनी त्या दुकानात कधी कुणाला नवी म्हणून जुनी गादी लावली नव्हती. मी सुरुवातच अशी करायची?

पत्र मी सरळ लिहिलं. माल विकत घेतला आहे. 'भेट' लिहायला मीच सांगितलं, पाठवणाऱ्याची चूक नाही. जी ड्युटी आणि जो दंड होईल ते भरते. सोबत चाव्या तात्पुरत्या बसवून काढलेले मास्तरांच्या क्लॅरिनेटचे फोटो जोडले: चावी उघडी, चावी मिटलेली, खाली गादी बसते ती रिकामी वाटी.

चार दिवसांनी उलट विचारणा आली की या कातडी चकत्या वाद्याचे भाग आहेत हे कशावरून? मी परत फोटो काढले, प्रत्येक चावीला नंबर दिला, प्रत्येक भोकाचं माप लिहिलं आणि समोर बिलातली कुठली गादी कुठे बसते ते मांडलं. दोन पानं झाली. रोज सकाळी दहाला मी कस्टमच्या ऑफिसात फोन लावायचे. पलीकडचे गृहस्थ माझा आवाज ओळखायला लागले. एकदा म्हणाले, "मॅडम, तुम्ही रोज कशाला फोन करता?" मी म्हटलं, "पार्सल सुटेपर्यंत करणार. तुम्ही कंटाळलात तर लवकर सोडा."

मधल्या दिवसांत ढोलकीवाल्याकडून शेळीचं पातळ कातडं आणून मी गाद्या कापून बघितल्या. एकही धड बसली नाही. मास्तर दर दोन दिवसांनी यायचे, बाकावर बसायचे, पार्सलची चौकशी करायचे नाहीत. ते न विचारणंच मला जास्त लागायचं. एकदा मीच पाठवलेल्या पत्राची नक्कल त्यांना दाखवून म्हटलं, "मास्तर, माझी चूक झाली." ते म्हणाले, "व्हय, झाली. पत्राचं काय झालं ते सांग."

टेंभुर्णीच्या लग्नाच्या दोन दिवस आधी पोस्टमन पार्सल घेऊन आला. ड्युटी, तिच्यावरचा कर आणि दंड, सगळं मिळून इतकं झालं की मला या कामात काही सुटणार नव्हतं. पैसे मोजून दिले, पावती घेतली. पावतीवर स्पष्ट लिहिलं होतं: वाद्याचे भाग. का कोण जाणे, ते वाचून मला फार बरं वाटलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी टेबलावरून हलले नाही. लाख तापवायची, गादी बसवायची, खाली पातळ कागदाची पट्टी सरकवून ओढून बघायची. पट्टी सहज निघाली तर गादी परत काढायची. शेवटच्या चावीखाली कागद अडकला तो फाटेपर्यंत निघाला नाही.

मास्तरांनी वाद्य ओठाला लावलं. खालच्या सुरापासून वरपर्यंत एका दमात गेले आणि तसेच खाली आले. कुठे हवा गळली नाही. माझे डोळे भरून आले आणि ते मी लपवलेही नाहीत.

त्यांनी क्लॅरिनेट पेटीत ठेवलं. मग शर्टाच्या खिशातून वर्तमानपत्राची एक पुडी काढून टेबलावर सोडली. आत जुन्या गाद्या होत्या, सगळ्या, लाखेसकट.

"तू हात धुवायला गेलीस की, तवाच डब्यातनं उचललो," ते म्हणाले. "पार्सल आलं नसतं तर ह्याच चिकटवून वाजवलो असतो."

मी भडकले. "इतके दिवस माझा जीव टांगणीला लागला होता, मास्तर. सांगायचं तरी."

"सांगितलो असतो तर तू तसं खरं-खरं पत्र लिवली असतीस का?"

 मी त्या गाद्या मोजल्या, कोऱ्या कागदात नीट बांधल्या आणि पुडी त्यांच्या हातात दिली. दुकानाची रीतच आहे ती.