आत्याचं कपाट आणि आतोबांचा दोर

आमच्या आतोबांच्या हाती पृथ्वी घडवायचं काम आलं असतं, तर त्यांनी ती आधी पेंढ्यात ठेवली असती, वरून गोणपाट शिवलं असतं, चारी बाजूंनी दोर आवळला असता आणि मगच सूर्याभोवती फिरायला सोडली असती. अर्ध्या वाटेत थांबवून गाठी तपासल्या असत्या, ते वेगळंच. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. सामान बांधणं ही त्यांची नोकरीच होती, हे कबूल. पण लोकांची नोकरी संध्याकाळी कचेरीत राहते, आतोबांची त्यांच्या मागोमाग घरी यायची.

स्वातंत्र्यानंतरच्या त्या वर्षांत मध्यभारत राज्याचं सरकार उन्हाळ्यात आमच्या इंदूरला असायचं आणि हिवाळ्यात ग्वाल्हेरला. मंत्री मोकळ्या हातांनी जायचे. त्यांच्यामागून फायली, टेबलं, कपाटं, पार शाईच्या दौतींपर्यंत सगळं जायचं, आणि ते बांधणाऱ्यांत आतोबा पहिले. त्यांचे वडील संस्थानच्या फरासखान्यात तंबू ठोकायचे, तेव्हा गाठी रक्तातच होत्या म्हणा ना! सरकारबरोबर आतोबांचं बिऱ्हाडही हलायचं, म्हणून घरात काही उघडायचंच नाही. ‘‘उघडायचं कशाला? दसरा झाला की पुन्हा बांधायचंच आहे,’’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. पाहुण्यांना बसायला तरटात शिवलेली खुर्ची मिळायची. पाणी मागितलं तर आत्या आधी पेंढ्यात हात घालून फुलपात्र शोधायची. कचेरीत मंडळींची जेवणं उरकून पानसुपारी व्हायची, तरी हे डब्याची सुतळी सोडत बसलेले. आत्या म्हणायची, ‘‘लग्नात अंतरपाट दूर झाला, तर ह्यांनी माझ्याकडे बघायच्या आधी त्याची घडी घातली!’’ आणि दोर कापणारा माणूस तर त्यांच्या मनातून कायमचा उतरायचा. माझ्या वडिलांनी एकदा आंब्याच्या पेटीचा दोर कात्रीने कापला. त्या पेटीतला एकही आंबा आतोबांनी तोंडाला लावला नाही.

महूचे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, गेले आणि तिथलं भाड्याचं घर सोडायचं ठरलं. भांडीकुंडी वाटली गेली आणि राहिलं एक शिसवी कपाट, दारावर माणूसभर उंचीचा आरसा असलेलं. त्या आरशासमोर आजी वेणी घालायची आणि शेजारी स्टुलावर चढून लहानगी आत्या. आजी आत्याच्या लग्नाआधीच गेली होती. वडील म्हणाले, ‘‘एवढं धूड इंदूरला न्यायचं कुणी? अर्ध्या वाटेवरचं राऊ यायच्या आत आरशाचा चुरा होईल. इथेच विकून टाकू.’’ आत्या पदराने आरसा पुसत राहिली. ते पाहून आतोबांनी चष्मा कपाळावर चढवला. ‘‘कपाट येईल, आणि आरशासकट येईल.’’

मी तेव्हा कॉलेजात होतो, अंगात जोर होता, म्हणून माझी नेमणूक झाली. निघायच्या आदल्या दिवशी आत्या मला बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘सरकारचं डोंगराएवढं सामान हलवलं रे ह्यांनी. माझं म्हणून काही हलवतायत ते पहिल्यांदाच. फुटलं तर मी ह्यांना एक शब्द बोलणार नाही. पण आईचं तेवढंच उरलंय, मला फार लागेल.’’

सियागंजातल्या एका किराणा व्यापाऱ्याची छोटा ट्रक मिळाला. महायुद्ध संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेला, मागे उघडा हौदा. ड्रायव्हर बाबूभिया. हा मनुष्य मनाने चांगला. फक्त ब्रेक नावाची वस्तू संकटकाळासाठी राखून ठेवायची असते, असा त्याचा समज. कपाट बघून तो म्हणाला, ‘‘साब, लिटा दो इसको. आराम से सोता हुआ जाएगा.’’

‘‘आरसा झोपत नाही, भिया!’’ आतोबा कडाडले. ‘‘आडवा ठेवला तर पहिल्याच खड्ड्यात पोटातून तडकतो. खड़ा जाएगा, केबिन से पीठ टिकाके!’’

मग दोन तास सोहळा चालला. खण काढून वेगळे बांधले. दाराला कुलूप लावून किल्ली आत्याच्या कमरेला गेली. आरशावर गोधडी, ती दोराने आवळलेली, तिच्यावर गादी, हौद्यात पेंढा. दोर लाकडाला काचू नये म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर आतोबांच्या जुन्या धोतराची घडी. दोर हौद्याच्या कड्यांतून आडवातिडवा फिरला, आणि शेवटी आतोबांनी खांदा लावून कपाट हलवलं, तर अख्खा ट्रक हलला. ‘‘आता झाला एक जीव,’’ ते म्हणाले आणि मागच्या फळीला लाल फडकं बांधलं. मी हौद्यात चढायला लागलो तर माझा कान धरला. ‘‘सामानाजवळ माणूस नको. ते सरकलं की आधी माणूस दबतो.’’ म्हणून आम्ही चौघं केबिनमध्ये कोंबून बसलो, आणि आतोबा पूर्ण रस्ता उलटे, मागच्या जाळीला नाक लावून.

महूची वस्ती संपते न संपते तोच आतोबा ओरडले, ‘‘रोको!’’

‘‘क्या हो गिया, साब?’’

‘‘दोर अंग टाकतो. निघाल्यावर थोड्या वेळात टाकतोच. सामान बसतं आणि दोर ढिला पडतो.’’ उतरून बघतो तर खरंच दोर चांगला हातभर सैल. पुन्हा आवळला. पुढे पुन्हा थांबलो, आणि पुन्हा. राऊला चहा घेताना बाबूभियाचा धीर सुटला. ‘‘भिया, ये कपाट है के दुल्हन? हर मोड़ पे घूँघट देख रिये हो!’’ आत्या त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

राऊ सोडलं आणि एका शेताच्या बांधावरून म्हैस थेट रस्त्यात आली. बाबूभियाने राखून ठेवलेला सगळा ब्रेक एकदम वापरला. मी समोरच्या काचेवर, आत्या माझ्यावर, आणि उलटे बसलेले आतोबा आधी पाठीने काचेवर आणि तिथून परत जाळीवर असे आपटले की कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मागे कसलासा आवाज झाला. आत्याने डोळे गच्च मिटले आणि माझा हात धरून ठेवला. आतोबा उतरून मागे गेले, परत आले.

‘‘दोर जागच्या जागी आहे.’’

‘‘आणि आरसा?’’ आत्याने विचारलं.

‘‘रस्त्यात उघडायचा नाही. घरी गेल्यावर कळेल.’’

उरलेला रस्ता बाबूभियाने ट्रक बैलगाडीच्या चालीने हाकला.

घरी शेजाऱ्यांनी हात लावला, कपाट उतरून खोलीत उभं राहिलं. हौद्याचे दोर सोडले, पण गोधडीवरचा दोर तसाच होता. आतोबांनी चहूकडून पाहिलं आणि समाधानाने म्हणाले, ‘‘झकास! आता दसऱ्याला असंच्या असं उचलू.’’

‘‘अहो, मला आरसा बघायचाय.’’

‘‘अगं, बांधलेला आहे तोवर त्याला भीती नाही.’’

‘‘फुटला असेल तर फुटलेला बघीन,’’ आत्या म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. ‘‘लग्न झाल्यापासून ह्या घरात माझी एक वस्तू उघडी नाही हो. हा एक तरी उघडा.’’

आतोबा खाली बसले आणि गाठ सोडायला लागले. पण म्हशीच्या त्या हिसक्याने गाठ दगड झाली होती. नखं लावली, दात लावले, काही उपयोग होईना. आत्या तशीच उभी. कात्रीचं नाव काढायची सोय नव्हती, मला ती आंब्याची पेटी आठवत होती. शेवटी आतोबा उठले, स्वयंपाकघरात गेले आणि विळी घेऊन आले. क्षणभर आत्याकडे पाहिलं आणि कचकन दोर कापला!

गोधडी खाली आली. आरसा अख्खा होता, ओरखडासुद्धा नाही. त्यात आत्या होती आणि तिच्यामागे केसांत पेंढा आणि कपाळावर टेंगूळ घेऊन आतोबा. दोघांचेही डोळे भरले होते. मला वाटलं, आता आत्या आईची आठवण काढून रडणार. ती म्हणाली, ‘‘अगं बाई, केवढं हे लागलंय तुम्हाला!’’ आणि हळद आणायला पळाली.

त्या दसऱ्यानंतर ग्वाल्हेरचं सामान निघालं, तेव्हा आतोबांनी सगळं बांधलं, कपाट सोडून. ‘‘हे इथेच राहू दे,’’ ते म्हणाले. ‘‘आणि ते एकटं कसं ठेवायचं? तूही राहा.’’ आत्याला घर मिळालं ते असं. पुढे मध्यभारतच राहिला नाही, राजधानी भोपाळला गेली. आतोबांनी शेवटची फाईल तिकडे बांधून दिली आणि पेन्शन घेऊन घरी आले. मग नवराबायकोने मिळून एकेक गोणपाट उसवलं. आत्याच्या लग्नातल्या समया तेव्हा सापडल्या. कापलेल्या दोराचा मोठा तुकडा आतोबांनी पडवीत कपडे वाळत घालायला बांधला, आणि रोज सकाळी चहाच्या आधी ते तो ओढून बघायचे, गाठ सोडून पुन्हा आवळायचे.

आतोबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आत्या पांढऱ्या केसांची बारीकशी वेणी अजून त्याच आरशासमोर घालते. मागे गेलो होतो तेव्हा ती पडवीत लुगडं वाळत घालत होती. मला बघून म्हणाली, ‘‘आलास? बरं झालं. जरा तो दोर बघ रे, अंग टाकलं असेल त्याने.’’

मी ओढून पाहिला. चांगला ताठ होता. तरी मी गाठ सोडली आणि पुन्हा आवळून बांधली, आणि ती होईपर्यंत आत्या लुगडं हातात धरून बघत उभी राहिली.