पहिल्या दगडामागची जमीन

गोपाळराव गेले हे मला सकाळी कळले, आणि जाण्यापूर्वी ते देवाकडे वळले हे त्याच दुपारी, स्मशानातून परतताना कळले. पहिली बातमी खरी होती. दुसरी खोटी आहे, आणि ती खोटी आहे एवढे सांगण्यासाठीच मी हे लिहीत आहे. एरवी मी लिहिणारा माणूस नाही. सर्व्हे कचेरीत आकडे तपासण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, आणि गोपाळराव त्याच कचेरीत माझ्या वरच्या जागेवर होते. परंतु त्यांच्या शोकसभेत एका वक्त्याने दाटलेल्या आवाजात सांगितले की, विश्वाच्या आदिकारणाशी जन्मभर भांडलेल्या या माणसाने अखेर गंगाजल मागून त्याच कारणापुढे मस्तक ठेवले. सभेत कित्येकांनी डोळे पुसले. मी उभा राहिलो आणि म्हणालो की, असे घडलेले नाही, मी तेथे होतो. अध्यक्षांनी घंटा वाजवली. तेव्हा आता येथे सांगतो, येथे घंटा नाही...

घडले ते असे. ते गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांना पाहायला गेलो होतो. उशाशी त्यांचे मेहुणे बसले होते. बहिणीला, म्हणजे आमच्या वहिनींना, आधार म्हणून ते पुण्याहून आले होते. गोपाळरावांच्या घरच्या आडाचे पाणी मचूळ, म्हणून प्यायचे पाणी नदीचे. आता मंत्र सोडले तर आम्ही नाशिककर जन्मात कधी गोदावरी म्हणत नाही. आमची ती गंगा. आम्ही अंघोळीला गंगेवर जातो, भाजीला गंगेवर जातो, भांडण झाले तरी तावातावाने गंगेवरच जाऊन बसतो. त्या दिवशी पिंपातले पाणी संपले होते आणि कोणी तरी त्यांना आडाचे दिले. त्यांनी तोंड वेडेवाकडे केले आणि वहिनींना म्हणाले, "गंगेचं आण." मेहुण्यांचे डोळे भरून आले. ते उठले, देवघरातला काशीचा तोंडबंद गडू आणला, त्याचे तोंड फोडले आणि पळीभर पाणी त्यांच्या मुखात घातले. गोपाळरावांनी ते क्षणभर तोंडात धरले, कसेबसे गिळले आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "शंकरराव, शिळं आहे हो." तशा प्रसंगातही वहिनींनी तोंडाला पदर लावून हसू दाबले. मग नदीचा ताजा हंडा आला आणि ते वाटीभर पाणी प्याले. मेहुणे ही हकिगत पळीपर्यंत सांगतात, पुढे सांगत नाहीत. ते खोटारडे नाहीत. काशीचे पाणी कधी शिळे होत नाही अशी त्यांची श्रद्धा आहे, तेव्हा तो शब्द त्यांनी वातातल्या बडबडीच्या खाती टाकला असावा.

गोपाळरावांचे आदिकारणाशी भांडण होते हेही तितकेसे खरे नाही. मी नोकरीत नवा असताना त्यांच्या हाताखाली पेठच्या डोंगरी भागात मोजणीला गेलो होतो. मोजणीच्या साखळीचे टोक एका हद्दीच्या दगडाशी धरले, आणि मी मोठ्या ऐटीत टिपण लिहिले: येथून गावची जमीन सुरू होते. त्यांनी ते वाचले, 'जमीन' खोडले, वर 'मोजणी' लिहिले आणि मला दगडामागे नेऊन उभे केले. मागे उतार होता, उतारावर नागलीचे शेत होते. "हे काय आकाश आहे?" त्यांनी विचारले. पुढे सृष्टीच्या आरंभाबद्दल ते जे जे बोलले, त्या सगळ्याचे मूळ मला त्या खोडलेल्या शब्दात दिसते. मोजायला कोठून तरी सुरुवात करावी लागते. पण म्हणून जमिनीची सुरुवात तेथे झाली असे म्हणायचा अधिकार साखळीवाल्याला नाही.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एक विद्वान व्याख्यानाला आले होते. विलायतेतल्या खगोलशास्त्रज्ञांना तारकांचे पुंजके एकमेकांपासून दूर पळताना दिसत आहेत, त्या अर्थी ते कधी काळी एके ठिकाणी होते, त्या अर्थी विश्वाला आरंभ आहे, आणि आरंभ आहे त्या अर्थी कर्ता आहे, असे त्यांनी सांगितले. ब्रह्मांड हा आपलाच शब्द, असेही म्हणाले. टाळ्या पडल्या. गोपाळराव उठले आणि म्हणाले की, शास्त्रज्ञांचे आकडे मी मानतो, पण त्यांनी फार तर दगड दाखवला, दगडाच्या मागे काय होते ते दाखवलेले नाही. तेथे एकदम मालकाचे नाव कसे लावता? मागून कोणी तरी ओरडले, "गोपाळराव, बसा, तुमची हद्द संपली." ते वळून शांतपणे म्हणाले, "हद्द संपली की शेजाऱ्याची सुरू होते. आमच्या खात्यात तरी तसंच आहे." तेव्हा हशा झाला, पण दुसऱ्या दिवसापासून गावाने त्यांना नास्तिक ठरवले.

त्यांच्याशी खरा वाद घालीत ते त्यांचे उपाध्याय भास्करभट. पंचांगात कल्पाच्या आरंभापासून लोटलेली वर्षे असतात आणि सृष्टीच्या आरंभापासूनचीही. मी वजाबाकी केली. फरक एक कोटी सत्तर लक्ष चौसष्ट हजार. एवढा काळ ब्रह्मदेवाला सृष्टी घडवायला लागला, असे भास्करभटांनी सांगितले. गोपाळरावांनी विचारले की, तेव्हा सूर्य घडायचा होता, मग वर्षे कशावर मोजली? भास्करभट म्हणाले, "तुम्ही सर्व्हेवाले तेव्हा असता तर जमीन नसतानाही मोजली असती." दोघेही मनापासून हसले. गोपाळरावांच्या मुलीच्या लग्नात संकल्पाची वेळ आली तेव्हा मात्र हसण्यासारखे नव्हते. ब्रह्मदेवाचे परार्ध, कल्प, मन्वंतर हे हातात पाणी घेऊन उच्चारायला गोपाळरावांनी नकार दिला. जे ठाऊक नाही ते पाणी हातात घेऊन बोलणार नाही, म्हणाले. व्याही उठायच्या बेतात होते. भास्करभटांनीच तोड काढली, "वरचं सगळं मी बोलतो, तुम्ही गोदावरीच्या दक्षिण तीरापासून बोला. तीर तरी ठाऊक आहे ना?" तीर ठाऊक होता. लग्न लागले.

कर्ता नाहीच असे छातीठोक सांगणारे काही तरुण त्यांना आपल्यातले समजून एकदा घरी आले होते. त्यांनाही त्यांनी हेच ऐकवले की, दगडामागे कोणी नाही हे तुम्ही तरी कोठे जाऊन पाहिलेत? ते रागावून गेले. दोन्हीकडून शिव्या खाणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याची त्यांना कधी लाज वाटलेलीही पाहिली नाही...

रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर आमची बैठक असे. गेल्या रविवारी पाय आपोआप तिकडे वळले. भास्करभट आधीच येऊन बसले होते. खांबाजवळची गोपाळरावांची जागा मात्र त्यांनी मोकळी ठेवली होती. वहिनींना काही दिवस पुण्याला न्यायचे म्हणून मेहुणे अजून येथेच होते, ते आत माजघरात बसले होते. मग भास्करभटांनी सवयीने घसा खाकरला आणि मला विचारले, "तर मग तुमच्या गोपाळरावांचं म्हणणं काय, हे सगळं आपोआप झालं?" मी त्यांच्या बाजूने बोलायला लागलो आणि दोन वाक्यांत अडखळलो. इतकी वर्षे आमचे वाद चालू असताना वहिनी आतून चहा पाठवीत, पण शब्दाने कधी मध्ये पडल्या नाहीत. त्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आपोआप झालं असंही ते कधी म्हणाले नाहीत, शंकरभाऊजी."

"मग काय म्हणत होते?" भास्करभटांनी विचारले.

वहिनींनी आवाज थोडा चढवला. माजघरात नीट ऐकू जावे इतका.

"मला ठाऊक नाही, असं म्हणत होते. जन्मभर तेवढंच म्हणाले. आता ते बोलायला नाहीत, म्हणून कोणी त्यांच्या तोंडी 'ठाऊक आहे' घालू नका."