खोडापासून दूरचं पाणी

शालू गेल्याचं सांगायला तिचा भाऊ वामन सौंसरहून पहिल्या बसनं पांढुर्ण्याला आला. मी शाळेत शिकवायला निघाले होते. "ताई, शालू गेली," एवढंच बोलून तो अंगणात बसून राहिला... तिचं दुखणं मला ठाऊक होतं. तरी रडू यायच्या आधी राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

सौंसरच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. तिचे वडील मोहगावकडे संत्र्याच्या बागेत मजुरीला जात. त्या घरातली ही मुलगी शिकत शिकत संशोधक झाली आणि विषय धरला तो दीर्घिकांच्या, म्हणजे ताऱ्यांच्या त्या अफाट वस्त्यांच्या, मधल्या वायूचा. "त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे काय?" मी विचारलं. ती हसली. "संत्र्याच्या खोडाले पानी लागू देते का कोनी? खोड सडते. म्हून दूर आळं करून देतात. मंग झाड पेते कुठून? मोकळ्या जागेतूनच नं? दीर्घिका बी तशाच जगून राहिल्या. सारे झाडंच पाहून राहिले, मी पानी पाहून राहिली."

एका उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं आभाळातल्या रेडिओलहरी पकडायला सौंसरच्या घराच्या गच्चीवर बांबू रोवून कोंबड्यांच्या खुराड्याच्या जाळीची मोठी तबकडी उभारली. गावात टीव्ही नुकताच येत होता. मोहल्ल्याला वाटलं, शालूनं टीव्ही आणला. संध्याकाळी लोक सतरंज्या घेऊन हजर. तिनं कुणाला परत पाठवलं नाही. तबकडीच्या यंत्राला भोंगा जोडला आणि खरखर ऐकवली. "चित्र कवा येते वं?" शेजारच्या म्हातारीनं विचारलं. "चित्र नाई येत, आजी. हे आपल्या आकाशगंगेची खरखर हाय. तिच्या पल्याडचं आयकाले लय मोठ्या तबकड्या लागतात. त्या आपल्याच देशात उभ्या राहतीन, अन् आपलेच पोरं आयकतीन." निम्मे लोक कुरकुरत उठले. म्हातारी मात्र बसून राहिली.

त्या मोठ्या तबकड्यांसाठीच शालूनं परदेशचं बोलावणं नाकारलं. त्या अजून कागदावर आहेत, आणि ती गेली.

आदरांजली सभेत एक पाहुणे म्हणाले, "एवढी बुद्धी देशाच्या उपयोगी विषयाला लागली असती तर... आता तो विषयही तिच्याबरोबर संपला." अशा सभेत मधेच उठून बोलायची रीत नसते. मी उठले. "साहेब, गरीब देशानं विहिरी खणायच्या आणि आभाळ दुसऱ्यांनी वाचायचं, हे कुणी ठरवलं? विषय संपलेला नाही. तिचे विद्यार्थी काम करताहेत. तबकड्या उभ्या राहीपर्यंत ते मागत राहतील, आणि आम्हीही." पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मागच्या रांगेतून कुणीतरी टाळी वाजवली. शोकाच्या सभेत टाळी, पण मला ती बरी वाटली.

मागच्या आठवड्यात सौंसरला गेले. वामननं टीव्ही घेतलाय. जाळी काढ, अँटेनाला बांबू आयताच आहे, असं त्याला सगळे सांगत होते. त्यानं आईला विचारलं. माय तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "पोरीची जाळी हाये ते. तिनं शिकवलेले पोरं येतीन आयकाले. तुहं डबडं दुसरीकडं लाव."

मी गच्चीवर जाऊन आले. जाळी आहे तिथंच आहे. टीव्हीचा खांब वामननं पलीकडच्या कोपऱ्यात रोवलाय, जाळीहून मुद्दाम हातभर खुजा.