धारवाल्याची हाक

शाळा मला जमली नाही, म्हणून मी मोबाइलवर लोकांना हसवायचे व्हिडिओ टाकायला लागलो. एकेक व्हिडिओ नऊ वेळा बघितला जायचा, त्यात सात वेळा मीच. बायको म्हणाली, "बंद करा आता. हे तोंड मी रोज फुकटात बघते." मलाबी पटलं.

त्याच सकाळी आमच्या अंबरपेठच्या गल्लीत सायकलवर सुऱ्यांना धार लावणारा म्हातारा आला. दर बुधवारी यायचा. प्रत्येक फाटकापुढं थांबून दोनदा हाक मारायचा, टोपी नीट करायचा, कोणी आलं नाही की हसून पुढं जायचा.

मी विचारलं, "चचा, कोई आता नै, कायको पुकारते?"

"आज सबकी छुरी पे धार है, मियाँ. जिस दिन जाएगी, मेरीच आवाज याद आएगी."

मी गुपचूप वर गेलो अन् त्या दिवशीचा व्हिडिओ टाकला.

महिन्याभरानं बायको ओरडली, "अहो, विळी बोथट झाली. तो धारवाला गेला का बघा." मी विळी घेऊन चपला न घालताच पळालो.

चाक फिरवत चचानं विचारलं, "तुमारा काम कैसा चल रा?"

"रोज पुकारतोय, चचा," मी म्हणालो. "अजून लोकांच्या विळ्यांना धार आहे."