शिंक, हसू आणि फुगडी

झिम्मा-फुगडीच्या सरावाला बायका जमल्या की नाच कमी आणि किस्से जास्त होतात. आमच्या गल्लीच्या ग्रुपमध्ये तर गौरी जेवून परत गेल्या तरी ते संपत नाहीत. यंदा पंचाईत एवढीच, की बरेचसे किस्से माझे आहेत आणि ते बाहेर फुटू नयेत म्हणून मी जिवाचा आटापिटा केलाय.

*

आधी आक्काचा. आक्का म्हणजे आमची लीडर. माहेर गडहिंग्लजचं, आवाज इथून तिथपर्यंत पोचेल असा. गेल्या वर्षी स्पर्धेत नाचवता नाचवता तिच्या हातातलं सूप निसटलं आणि थेट परीक्षकांच्या टेबलावर! आक्का खाली उतरली, सूप उचललं, म्हणाली, "पावणं, नंबर देताना हे धरू नगा." आणि वर येऊन पुढचा फेर धरला.

मी तेव्हा पोटुशी, प्रेक्षकांत होते. पुढचे दोन दिवस आक्काच्या वतीनं मीच लाजत होते.

*

यंदा आक्कानं मलाही ग्रुपमध्ये ओढलं. आता खरं सांगते. बाळंतपणानंतर मी शिंकले, खळखळून हसले किंवा उडी मारली, की थोडी लघवी होते. एम.एस्सी. झालेय, पण हे एक वाक्य मला कुणापुढेच बोलता येत नव्हतं. म्हणून गच्चीवरच्या सरावाला मी रोज नवीन कारण घेऊन जायचे. कंबर दुखतेय. लेक उठली असेल. गाणं लावायला कुणीतरी हवंच ना.

एकदा पाय मुरगळल्याचं सांगून सलग दोन दिवस लंगडत कोपऱ्यात बसले. दुसऱ्या दिवशी आक्का जवळ येऊन म्हणाली, "काल डावा हुता."

*

मग एका संध्याकाळी शेजारच्या सविताने "एकच फुगडी गं" म्हणत मला हाताला धरून ओढलंच. वर तिनं असलं काही तोंड केलं, की मला हसू आवरेना. झालं. अंगात फिकट पिवळा ड्रेस! हात सोडवून मी जिना उतरले, घरात शिरले आणि बाथरूमची कडी घातली.

नळ सोडून स्वतःला वाट्टेल ते बोलले. घोडी झालीस, एका पोरीची आई झालीस, लाज कशी वाटत नाही. नळाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही असं वाटलं होतं.

माझ्या मागोमाग उतरलेली आक्का दाराबाहेरून म्हणाली, "लेक अंगावर मुतली तर तिलाबी असंच बोलतीस व्हय?"

मी नळ बंद केला.

"न्हाय न्हवं? मग हिलाच का बोलतीस?"

*

दुसऱ्या दिवशी हिय्या करून डॉक्टरीणबाईंकडे गेले. खुर्चीत बसेपर्यंत तो हिय्या संपला. म्हटलं, माझ्या एका मैत्रिणीला असा असा त्रास आहे. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुष्कळ जणींना होतं, व्यायामानं कमी होतं, पण वेळ लागतो, असं सांगितलं. मग हातमोजे घालत म्हणाल्या, "तुमच्या मैत्रिणीला जरा टेबलावर झोपायला सांगा."

*

वेळ लागतो, पण स्पर्धा काही थांबत नाही. गडद जांभळी नऊवारी, आत पॅड. हॉल खचाखच भरलेला. पहिल्याच रांगेत सासूबाई, त्यांच्या मांडीवर लेक. झिम्म्यात मी मागे मागे राहून निभावलं. फुगडीला माझी जोडीदार सविता होती, पण ऐनवेळी आक्का तिला बाजूला सारून माझ्यासमोर उभी राहिली आणि हात पुढे केले.

दुसऱ्याच गिरकीला मला कळलं. आता थांबले तर सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, नाही थांबले तर अजून होणार. मी हात सोडवायला बघत होते, पण आक्काची पकड सुटेना. तिनं गिरकीतच मला जवळ ओढलं, तोंड माझ्या कानाजवळ आणलं आणि जन्मात पहिल्यांदा कुजबुजली,

"माझं झालं. तुझं?"

मी मान हलवली.

"मग आता कशाला थांबतीस? घुमव की!"